यादवराव ओव्हरसियर आणि हौदाचा तळ

यादवराव ओव्हरसियरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांचे दोन्ही पाय धरले होते. नमस्कारासाठी नव्हे. ते विहिरीत जीव देत आहेत अशी माझी खात्री झाली होती, म्हणून.

मी तेव्हा बुलढाण्यात अगदी नवा. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कचेरीतली जुनी माणसं अजून "नागपूरले असं नव्हतं" म्हणत सुस्कारे टाकायची. मी नगरकडचा, सायन्सचा मास्तर. मलकापूरला रेल्वेतून उतरून, घाट चढणाऱ्या एस.टी.त एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि नवी बायको एवढं सांभाळत आलो होतो. आठवडाभरातच सकाळी फिरायला म्हणून गावाबाहेर निघालो, तर रस्त्यालगतच्या विहिरीवर एक टकला, कोटवाला गृहस्थ पालथा पडलेला दिसला. कमरेपासून वरचा भाग विहिरीत लोंबत होता. मी धावत जाऊन पाय कवटाळले आणि ओरडू लागलो.

"सोड बे!" विहिरीतून आवाज आला. "बशी बुडली ना माही!"

मी सोडले. गृहस्थ सावकाश मागे सरकले, उठून बसले, कोट झटकला. त्यांच्या हातात एक दोरी होती. ती ओढता ओढता ते माझ्याकडे असे पाहत होते, की जीव वाचवण्याचा गुन्हा मी पुन्हा करू नये.

"जीव द्यायचा असता तं इस्त्रीचा कोट घालून आलो असतो काय?"

दोरीच्या टोकाला पांढरी इनॅमलची बशी वर आली. तिला तीन भोकं पाडून दोरी ओवली होती आणि खाली वजनाला एक दगड बांधला होता. दोरीला फूट-फूटभर अंतरावर गाठी होत्या. बशी पाण्यात सोडायची, आणि ती दिसेनाशी झाली की किती गाठी खाली गेल्या ते मोजायचं. पाण्याचा नितळपणा मोजायची ही त्यांची रीत. पुढे मला कळलं की जिल्ह्यातली अशी विहीर नाही, तलाव नाही, की जिच्यात ही बशी उतरली नाही.

"सायन्सचे मास्तर काय?" माझी ओळख ऐकल्यावर ते खूष झाले. "मंग सांगा, हे पाणी किती गाठी?"

मी अंदाजानं पाच म्हणालो.

"साडेतीन," ते म्हणाले. "तुमी नगरकडले लोक वरून पायता."

माणसंही ते याच मापानं मोजत. आमचे हेडमास्तर त्यांच्या हिशेबी अर्ध्या गाठीचे. कचेरीतला एक कारकून पाऊण गाठ, तोही सकाळच्या वेळी. रस्त्यात कुणी फार गोड बोलू लागलं की यादवराव त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहायचे आणि तो गेल्यावर मला हळूच सांगायचे, "तय दिसत नाही मास्तर याचा." तळाला ते तय म्हणत. मी स्वतः किती गाठींचा, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

यादवराव मूळचे संग्रामपूरकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. मोठ्या जमीनदाराच्या घरातले. पण शेतात रमले नाहीत, बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाले आणि तीस वर्षं रस्ते, मोऱ्या आणि पूल बांधत हिंडले. बायको लग्नानंतर चार वर्षांत वारली. पुन्हा लग्न केलं नाही. तेव्हापासून त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का, त्यांचं घर सांभाळत होती. बदली होईल तिथे आक्का, आक्काची चूल आणि आक्काची जीभ. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत आधी पोचायची.

आक्का साठी ओलांडलेल्या. उंच, काटक, पांढऱ्या लुगड्यात. भावावर त्यांचा एवढा जीव, की त्याला दिवसातून दहा वेळा बोलल्याशिवाय त्यांना अन्न जात नसे.

निवृत्त झाल्यावर यादवरावांनी बुलढाण्यात घर घ्यायचं ठरवलं. चांगली चार-पाच घरं पाहिली. एकात नळ होता, एकात वीज होती, एक तर कोर्टाच्या अगदी समोर होतं. त्यांनी घेतला तो गावाच्या कडेचा एक जुना बंगला. कापसाच्या व्यापारातल्या कुणा गोऱ्या साहेबानं उन्हाळ्यात राहायला बांधलेला. कौलं फुटलेली, दारांना वाळवी. वटवाघळांची तिसरी पिढी आत नांदत होती. त्याच्याच एका बाजूच्या दोन खोल्या नंतर त्यांनी मला भाड्यानं दिल्या. बंगला का घेतला असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हौद होता म्हून."

हौद मागच्या अंगणात होता. साहेबानं पोहण्यासाठी बांधलेला, तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, एका टोकाला कमरेएवढा, दुसऱ्या टोकाला साडेसात फूट. उतरायला दगडी पायऱ्या. हे मोजमाप मला यादवरावांनी सांगितलं म्हणून कळलं. डोळ्यांना दिसत होती ती फक्त हिरवी साय. तिच्यावर बेडूक बसत आणि बुडत नसत. पायऱ्यांच्या फटीतून बाभळीचं एक झाड उगवून चांगलं पुरुषभर झालं होतं. शेजारपाजारचे लोक गेली पंधरा वर्षं घरात नको ती वस्तू तिथे आणून टाकत होते. पावसाळ्यात त्या हौदाला असा वास सुटायचा, की माझ्या बायकोनं, सुमननं, पहिल्याच आठवड्यात माहेरी पत्र लिहिलं.

"बाकीच्या मानसाईले म्हातारपनी नातवंडं होते," आक्का सुमनला म्हणाल्या. "आमच्या याले हौद झाला."

यादवराव रोज सकाळी हौदाच्या काठावर उकिडवे बसून बशी सोडत. बशी पाण्याला टेकली की नाहीशी होई. ते वहीत लिहीत: शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण दसरा झाला आणि आरोग्य खात्याचे साहेब डास शोधत शोधत आमच्याकडे आले.

साहेब तरुण होते, कामाला चोख. चमच्यानं हौदातलं पाणी उचलून त्यांनी आम्हाला वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. "हे असं ठेवता येणार नाही. मुरूम टाकून बुजवून घ्या. नाही तर आम्ही बुजवू."

यादवरावांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. बांधकाम खात्यात तीस वर्षं वरिष्ठांशी हुज्जत घातलेला हा माणूस. मला वाटलं आता कायद्याची कलमं निघणार. पण ते हात जोडून उभे राहिले. मी त्यांना कुणासमोर हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, होईपर्यंत मुदत द्या."

"काय होईपर्यंत?"

"होळी होईपर्यंत, म्हंतो ना मी. होळीले या. सगयात खोल टोकाले उभे राहा. तयाशी बशी ठेवून तिच्यावर एक डाग काढतो. थो तुमाले वरून दिसला नाही, तं मी सोता मुरूम टाकतो. तुमाले माणसंबी पाठवा लागनार नाही."

साहेबांनी हौदाकडे पाहिलं, बेडकाकडे पाहिलं आणि मुदत दिली. हरणाऱ्या माणसाला मुदत द्यायला काहीच जड जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणाचं बांधकाम खातं झालं. पलीकडच्या तुकड्यात सुखदेव माळी वांगी, मेथी आणि मिरची लावायचा. त्याच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. यादवरावांनी ते इंजिन आणलं आणि हौदातलं हिरवं पाणी सुखदेवच्या वावरात सोडलं. सुखदेव आधी नाक दाबून उभा होता. महिन्याभरात त्याची वांगी अशी टरारली, की तो रोज कुंपणावरून विचारू लागला, "वरशेरसाहेब, अजून घान पानी हाये काय?"

पाणी उपसल्यावर खाली कंबरभर गाळ निघाला. त्यात एक सायकल, दोन खुर्च्यांचे सांगाडे, एक पितळी घंटा आणि कुणाची तरी दातांची कवळी होती. कवळी यादवरावांनी स्वच्छ धुऊन फाटकावर टांगली, मालकानं ओळख पटवून न्यावी म्हणून. मालक आला नाही. आक्कांनी तिसऱ्या दिवशी ती फेकून दिली, कारण दूधवाला फाटकाच्या आत यायला तयार नव्हता.

मग दोन महिने भेगा बुजवणं, चुना दळणं, गिलावा. यादवराव लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्याला पंचा बांधून हौदाच्या तळाशी बसलेले असायचे. गवंड्याच्या हातची थापी काढून घ्यायचे. काठावर आक्का धान्य निवडायच्या निमित्तानं यायच्या आणि वरून शेरे मारायच्या.

"सरकारनं याले रिटायर केलं, पन याच्या डोक्याले कोनी सांगतलंच नाही."

"आक्का, तिकडं बस ना. भुसा पडून राह्यला."

"पडू दे. तुह्या डोक्यातबी थोच हाये."

एवढं बोलायच्या, पण हलायच्या नाहीत. धान्य निवडून संपलं की तेच धान्य पुन्हा सुपात घेऊन बसायच्या.

संक्रांतीच्या सुमाराला विहिरीच्या पाण्यानं हौद भरला. काय ते पाणी! बशी थेट तळाला जाऊन बसली आणि वरून स्वच्छ दिसली. यादवरावांनी वहीत "पूर्ण" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आक्कांनी गुळाचा सांजा केला. चार दिवस आम्ही अंगणात टाचांवर चालत होतो, पाणी हलेल म्हणून. सुखदेवच्या म्हशीनं हंबरू नये असाही निरोप गेला होता.

पाचव्या दिवशी पाणी फिकट हिरवं झालं. आठव्या दिवशी बशी दीड गाठीत दिसेनाशी झाली.

यादवराव त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, मले पूल बांधाले सांगा, बांधतो. पन पाणी कसं ठेवाव, हे कोनी शिकवलंच नाही. तुमचं सायन्स काय म्हंते?"

माझं सायन्स आठवीच्या पुस्तकाएवढं होतं. पण मी शाळेतून बारा काचेच्या बाटल्या आणल्या. प्रत्येकीत हौदाचं पाणी, कमी-जास्त तुरटी, कमी-जास्त चुन्याची निवळी. आमच्या व्हरांड्यात बाटल्यांची ओळ लागली. यादवराव तासातासाला डोळे लावून बघत आणि शेरे लिहीत. सातव्या बाटलीत गढूळपणा कापसासारखा गोळा होऊन खाली बसला. त्या प्रमाणात तुरटी हौदात टाकली आणि पाणी खरंच निवळलं. तळाशी बसलेला थर रबरी नळीनं हळूहळू ओढून काढायचा होता. त्या कामाला पूर्ण दोन दिवस लागले आणि त्यात मी, एक शिक्षित मनुष्य, सतरा वेळा नळी तोंडानं ओढून हौदाचं पाणी प्यालो. ब्लीचिंग पावडर आरोग्य खात्याच्या साहेबांनीच पाठवली. त्यांनाही आता उत्सुकता लागली होती.

दहा दिवसांनी पाणी पुन्हा हिरवं.

या काळात दोन भांडणं झाली. पहिलं लुगड्यांवरून. पाणी गाळायला म्हणून यादवरावांनी आक्कांची दोन जुनी लुगडी फाडली होती.

"माह्या लुगड्यानं तू हौद गायून राह्यला?"

"जुनं होतं वं."

"मीबी जुनीच हाओ. मले फाड!"

दुसरं भांडण मात्र भांडण म्हणता येणार नाही. यादवराव काठावर डोकं धरून बसले होते. तिसऱ्यांदा तुरटी टाकावी की नाही यावर मी काहीतरी पुस्तकी बोलत होतो. आक्का मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या. मग नेहमीच्या आवाजात नाही, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "उभं पाणी हाये ना थे. त्याले चालव. डोहात एका आंगानं पाणी येते, दुसऱ्या आंगानं जाते. म्हून डोहाचा तय दिसते."

आणि आत निघून गेल्या.

यादवराव माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, तुरटीची पूड गेली असावी.

मग त्यांनी गाळणी बांधली. डांबराचे तीन रिकामे ड्रम आणले, आतून जाळून काढले, एकात खडी, एकात कोळसा, एकात नदीची बारीक वाळू. सुखदेवचं इंजिन हौदाच्या एका टोकाचं पाणी उचलायचं, तिन्ही ड्रममधून फिरवायचं आणि दुसऱ्या टोकाला सोडायचं. पहिल्या दिवशी पाण्याला नव्या सडकेचा वास आला. यादवरावांना तो वास आवडला, पण बाकी कुणाला नाही, म्हणून ड्रम पुन्हा जाळले. वर बुचाचं झाड होतं, त्याची फुलं पडू नयेत म्हणून जुनी मच्छरदाणी ताणली. रोज सकाळी चार तास इंजिन धडधडू लागलं. आमची कौलं त्या तालात हलायची आणि सुमन चहाचे कप हातानं धरून ठेवायची. ड्रम धुतलेलं पाणी सुखदेवच्या वांग्यांना जायचं.

चार गाठी. पाच. साडेपाच. शिमग्याच्या आधी पाच दिवस बशी तळाला बसली आणि दिसत राहिली.

होळीच्या सकाळी साहेब आले. गावातली निम्मी रिकामी माणसं आधीच कुंपणाला लागली होती. यादवराव इस्त्रीचा कोट घालून खोल टोकाला उभे. बशीच्या मधोमध त्यांनी डांबराचा बोटाएवढा ठिपका काढला होता. साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी सहज हात पुढे केला, जणू तो ठिपका वरूनच उचलता येईल, आणि बाही कोपरापर्यंत भिजल्यावर त्यांना कळलं की खाली साडेसात फूट पाणी आहे.

"यादवराव," ते म्हणाले, "मला वाटलं होतं इथे आज मुरूम पडेल."

कुंपणावर टाळ्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "वरशेरसाहेब, पयली उडी कोनाची?"

इथे यादवरावांनी सगळ्या गावाची नाराजी ओढवून घेतली. "कोनाचीच नाही," ते म्हणाले आणि फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या पऱ्हाट्या आल्या. कपाशीच्या त्या वाळक्या काटक्यांचे दाट ताटवे विणून त्यांनी हौदाभोवती माणसापेक्षा उंच कूड उभं केलं. फटी शेणमातीनं लिंपल्या. आत जायला एकच दार, त्याला आतून कडी.

गाव चिडलं. मीही चिडलो, खोटं कशाला सांगू. सतरा वेळा पाणी प्यालो होतो, निदान एक डुबकी तरी माझ्या हक्काची होती. मी तसं बोलून दाखवलं. यादवराव खाली मान घालून म्हणाले, "थांबा ना मास्तर. थोडं थांबा." लोक म्हणू लागले, म्हातारा आत सोनं धुतो. कुणी म्हणालं, मगर पाळली. यादवराव कशालाच उत्तर देईनात. सकाळी इंजिन चालवायचे, पानं वेचायचे, कुडाचं दार उघडं ठेवून घरात यायचे आणि व्हरांड्यात बसून त्या दाराकडे बघत राहायचे. आक्का स्वयंपाकघरातून अंगणात यायच्या, कपडे वाळत घालायच्या, त्या दारावरून चार वेळा जायच्या. आत डोकावायच्या नाहीत.

असे आठ दिवस गेले. यादवराव वाळले. एरवी माझ्या चहावरही शेरा मारणारा माणूस गप्प चहा पिऊन जाऊ लागला.

नवव्या दिवशी रविवार होता. ऊन चांगलं तापलेलं. दुपारी जेवणं झाल्यावर आक्का आमच्या खोलीच्या दारात आल्या. हातात एक कोरडं लुगडं होतं.

"चाल वं पोरी," त्या सुमनला म्हणाल्या. "सोबतीले चाल."

"कुठे आक्का?"

"चाल म्हंतो ना."

मग माझ्याकडे आणि व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या यादवरावांकडे बोट केलं. "तुमी दोघं मागच्या सडकेवर जा. मोरीवर बसा. पाठ करून बसा. अन कोनाले इकडं येऊ देऊ नोका."

यादवरावांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत.

बंगल्याच्या मागून सडक जाते, तिच्यावर पावसाचं पाणी खालून जायला बांधलेली एक छोटी मोरी आहे. हौदापासून वीसेक पावलांवर. आम्ही दोघं तिच्या कठड्यावर हौदाकडे पाठ करून बसलो. समोर सुखदेवची वांगी. मागे कुडाचं दार लागल्याचा आवाज आला, कडी वाजली. मग काहीच नाही.

"मास्तर," यादवराव पुटपुटले, "आक्कानं मले पोहाले शिकवलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच बघत होते.

"वान नदीचा डोह होता आमच्या गावाखाली. सारे गडी त्याले भेत. आक्का बारा वर्साची होती, मासोयीवानी पोहे. मले पाठीवर घेऊन पलीकडं जाये. मंग तिचं लगन झालं. दोन वर्सात नवरा गेला आन थे परत आली. पंधरा वर्साची. आमच्या घरच्या बाया तशाबी बाहीर निंघत नव्हत्या, आन इचं तं विचारूच नोका. एका खोलीत राहे. हसत नव्हती, बोलत नव्हती."

मागे अजूनही शांतता होती. यादवरावांनी एकदा मान वळवायला घेतली आणि आठवण होऊन परत सरळ केली.

"मी आठ वर्साचा. एका दुपारी सारे निजले होते. तिनं मले उठवलं, म्हने चाल. आमी मागच्या दारानं डोहावर गेलो. तिनं लुगडं खोचलं आन पान्यात गेली. मास्तर, मी तिले हसताना पायलं. लय दिवसानं. डोह आरपार करून परत आली. मी येवढा खूष झालो..." ते थांबले. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला; आत काही नव्हतं, हात तसाच राहिला. "संध्याकायी आबा, आमचे बाप, वट्ट्यावर बसले होते. चार पाहुने होते. मी पयत गेलो आन सांगतलं, आबा, आमची आक्का डोह आरपार पोहली!"

"मग?"

"मंग काय. मी कौतुकानं सांगतलं होतं मास्तर. मले काय मालूम. आबानं तिले मारलं नाही. फक्त मागच्या दाराले कुलूप लावलं. थे कुलूप आबा मरेपर्यंत निंघालं नाही. मले थे एक सबद बोलली नाही कधी. माही बायको गेली तं आली, माह्या घरी राह्यली, मले रांधून घातलं. पन नदी लागली का एस.टी.च्या खिडकीतून तोंड फिरवे. मी इतके पूल बांधले. एकाबी पुलावर थे पाहाले आली नाही."

मी विचारलं, "तुम्ही त्यांना कधी म्हणालात का, की हा हौद..."

"काय म्हनू?" ते म्हणाले. "कोन्या तोंडानं म्हनू?"

तेवढ्यात मागे पाणी हललं. आधी पायरीवर पाय ठेवल्याचा, मग दुसऱ्या पायरीवर. सुमनचा घाबरलेला आवाज आला, "आक्का, जपून हं, पुढे खोल आहे." आक्का काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मग मोठा खळ्ळ असा आवाज झाला आणि यादवरावांनी माझं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट, की दोन दिवस वळ होता.

एक क्षण काही नाही. मग हात मारल्याचा आवाज आला. एक. थोड्या अंतरानं दुसरा. तिसरा. संथ, लांब, न चुकणारे हात. पलीकडच्या टोकाला जाऊन थांबले. परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा आले. सुमन हसू लागली होती आणि कुणीतरी दुसरंही हसत होतं. मला ते हसणं ओळखू आलं नाही, कारण वर्षभर शेजारी राहून मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

यादवराव कठड्यावर बसून होते. टकलावर ऊन, अनवाणी पाय खाली लोंबत. गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

"याद्याऽऽ!" कुडापलीकडून हाक आली.

ते ताडकन उभे राहिले. तरी वळले नाहीत, पाठ तशीच. "काय वं आक्का?"

"जाय! सांगून ये आबाले!"

यादवरावांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सुखदेवच्या वांग्यांकडे बघत, ते सगळ्या वावराला ऐकू जाईल असे ओरडले, "नाही सांगत वं आक्का! कोनालेच नाही सांगत!"

आत पुन्हा हात मारल्याचा आवाज सुरू झाला.